तिचा पसारा राहू द्या

मुलगी झाली की घरात येणाऱ्या खेळण्यांची यादी कुणी न लिहिताच ठरलेली असते. बाहुली, भातुकली, मग मण्यांचा दागिन्यांचा सेट, मग मेंदीचे छाप, मग ‘क्राफ्ट’ म्हणून गुलाबी पेटीत कोंबलेलं काहीतरी. मुलगा झाला की गाड्या. तो नीट चालायला लागायच्या आत त्याच्या हातात जीप आलेली असते आणि ‘बघा, आत्तापासूनच गाड्यांचं वेड!’ असं सगळे कौतुकाने सांगतात. वेड आधी की गाडी आधी, हे विचारायला कुणाला सवड आहे?

आमच्याकडे हे वेड लेकीला आहे. ती आता नववीत. आठ वर्षांची असताना मामाने प्लास्टिकच्या ठोकळ्यांची, म्हणजे ज्याला आपण सरसकट लेगो म्हणतो त्याची, एक पेटी आणली. पेटीवर रेसिंग कारचं चित्र होतं. तिने पुस्तिकेत बघून ती कार दोन दिवसांत केली, तिसऱ्या दिवशी मोडली आणि त्याच तुकड्यांतून कचऱ्याची गाडी केली. मागचा डबा वर उचलला जाणारी, आमच्या गल्लीत सकाळी येते तशी. मला तेव्हापासून या खेळाबद्दल आदर वाटू लागला.

आम्ही कोपरला राहतो. दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं हे स्टेशन ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, इथे फास्ट गाडी थांबत नाही, पण गाड्यांचं वेड लागायला मध्य रेल्वेवर याहून चांगली जागा नसेल. खालून मुंबई-कल्याण मार्गावरच्या लोकल आणि मेल गाड्या, आणि त्यांच्या डोक्यावरून आडवी जाणारी वसई-पनवेलची लाइन. वरही फलाट, खालीही फलाट. लहानपणी लेक जिन्यावर उभी राहून विचारायची, ‘वरची गाडी खाली पडत कशी नाही?’ मी म्हणायचे, ‘खाली खांब आहेत म्हणून.’ तिला ते उत्तर पुरत नसे. ‘पण खांब बाजूला का सरकत नाहीत?’ आता यावर सकाळच्या आठ वाजून काही मिनिटांच्या लोकलची वाट बघणारी बाई काय सांगणार!

तर ठोकळ्यांच्या गाड्या. ज्यांनी हे जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, चार चाकं लावली, वर घर केलं, झाली गाडी. तशी गाडी चार वर्षांचं मूलही करतं. चालणारी गाडी, म्हणजे मोटर लावली की आपली आपण पुढे जाणारी, वळणारी, चढ चढणारी गाडी, ही वेगळीच गोष्ट आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीने रिक्षा करायला घेतली. साधी, आपली तीन चाकी. तिचं चित्र कुठल्याच पेटीवर नव्हतं, पुस्तिका नव्हती. ती रिक्षा पुरी व्हायला जवळजवळ दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते मला नववीत कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.

पहिली अडचण चौकटीची. मोटर सुरू केली की सांगाडाच उसवायचा. ठोकळे एकमेकांत घट्ट बसतात खरे, पण मोटरचा जोर त्यांना उकलतो. त्यावर उपाय म्हणजे उभी पट्टी ठोकून थर एकत्र बांधणे. भोकं असलेल्या ठोकळ्यांत खिळ्यांसारखे तुकडे घालून ते करता येतं. पण गंमत अशी की भोकंच जुळेनात. मग कळलं की या ठोकळ्यांची आडवी मापं आणि उभी मापं सारखी नसतात. वरच्या दोन गोल उंचवट्यांमधलं अंतर (लेक त्यांना टिकल्या म्हणते) ८ मिलिमीटर असतं आणि ठोकळ्याची उंची असते ९.६ मिलिमीटर. एकावर एक ठोकळे रचले की वरचं भोक खालच्यापासून ९.६ वर येतं आणि उभ्या धरलेल्या पट्टीची भोकं मात्र ८ च्या पटीत. जुळणार कशी? तिने वहीत गणित मांडलं. पातळ पट्टीची जाडी ठोकळ्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. दोन ठोकळ्यांच्या मध्ये अशा दोन पट्ट्या घातल्या तर ९.६ आणि ६.४ मिळून बरोबर १६. आठ दुणे सोळा! उभी पट्टी चपखल बसली. रात्री साडेदहाला ‘आई, जुळलं!’ अशी आरोळी आली, तेव्हा मी कणीक झाकून ठेवत होते. हा उपाय जगभरातल्या मुलांनी आधी शोधलेला आहे हे तिला नंतर कळलं, पण त्याने तिचा आनंद कमी झाला नाही. कशाला व्हावा? पुरणपोळी आपल्या आधी कुणी केलेली नाही असं थोडंच असतं!

मग गिअर. छोटी मोटर फिरते भराभर, पण तिच्यात दम नसतो. आठ दात्यांच्या चाकाने चोवीस दात्यांचं चाक फिरवलं की वेग एक तृतीयांश होतो आणि जोर साधारण तिप्पट. अशा दोन जोड्या एकापुढे एक लावल्या की नऊपट. (घर्षणात थोडा वाया जातो, हे लेकीचं शेपूट.) भाजी चिरायची लाकडी फळी शब्दकोशाला टेकवून तिने चढ केला आणि त्याला नाव दिलं कोपर पूल. खरा कोपर पूल धोकादायक म्हणून २०१९ मध्ये बंद झाला आणि नवा होऊन २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षं पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा आणि रिक्षात बसून घड्याळाकडे बघणं. त्यामुळे आमच्या फळीवरच्या पुलावरून रिक्षा चढली की घरातले सगळे टाळ्या वाजवत.

पहिल्यांदा ती चढली नाही. पुढचं चाक उचललं गेलं आणि रिक्षा घोड्यासारखी मागे उभी राहिली. सहा पेन्सिल सेलचा जड डबा मागच्या सीटखाली होता. तो ड्रायव्हरच्या सीटखाली आणला, तर चढली. वळताना मात्र कलंडली. तीन चाकं जमिनीवर टेकतात ते तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो आणि गाडीचा तोल त्या त्रिकोणाच्या आत राहायला हवा. पुढे त्रिकोण निमुळता, त्यामुळे वजन पुढे नेलं की चढावर बरं, वळणावर वाईट. मग डबा थोडा मागे, थोडा खाली. रोज एक टिकली मागे, एक टिकली पुढे, असं आठवडाभर चाललं होतं. डोंबिवलीत पावसाळ्यात खड्ड्यातून रिक्षा वळताना आपला जीव वर का येतो, ते मला तेव्हा नीट समजलं.

आणि शेवटी ती डिफरन्शियल नावाची वस्तू. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवली तर वळताना एक चाक घासतं, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. किती जास्त? दोन चाकांत एक मीटर अंतर धरलं आणि रिक्षा पूर्ण गोल फिरली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ६.२८ मीटर जास्त चालतं. गोल लहान असो की शिवाजी पार्कएवढा, फरक तेवढाच! मला हे खरंच वाटेना. लेकीने वहीत दोन ओळींत करून दाखवलं, पायच्या सूत्राने. जे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं ते रिक्षाच्या मागच्या चाकात बसलेलं आहे, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

हे डिफरन्शियल खऱ्या रिक्षात कसं असतं ते बघायला आम्ही स्टँडवर गेलो. रिक्षावाले दादा भले माणूस. त्यांनी मागचं झाकण उघडून सगळं दाखवलं. प्रश्न लेक विचारत होती, पण उत्तरं ते तिच्या बाबांकडे बघून देत होते. आमचे हे बँकेत आहेत, घरातला बल्ब बदलायचा तर वायरमनला फोन करतात. ते आपले ‘हो हो, अच्छा अच्छा’ करत राहिले. लेकीने घरी येऊन विचारलं, ‘ते माझ्याशी का नाही बोलले?’ मी काही तरी सांगितलं. असल्या प्रश्नांना आपल्याकडे कायम काही तरीच सांगितलं जातं.

हाच अनुभव शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात. चौघांचा गट, तीन मुलगे आणि ही. प्रतिकृती हिची, कल्पना हिची. बाईंनी कामं वाटून दिली. मुलगे गाडी चालवून दाखवतील, ही तक्त्यावर माहिती लिहील, कारण ‘मुलींचं अक्षर छान असतं’. मी शाळेत जाऊन शांतपणे विचारलं की अक्षर छान असलेल्या मुलीने केलेली गाडी तिनेच चालवली तर काय बिघडेल? बाईंना वाईट हेतू नव्हता, त्यांनी लगेच बदल केला. पण परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी लेकीला पहिला प्रश्न विचारला, ‘बाबांनी करून दिली का?’ शेजारच्या टेबलावरच्या मुलाला त्यांनी हे विचारलं नाही. त्याच्या ज्वालामुखीत सोडा त्याच्या आईने भरला होता, हे मला पक्कं माहीत आहे!

या खेळण्याचा जन्म मुलग्यांसाठी झाला होता का? तर नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातल्या ओले कर्क क्रिस्तियानसन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. मंदीत सुतारकाम मिळेना म्हणून. प्लास्टिकचे ठोकळे १९४९ चे, तेही एका ब्रिटिश खेळण्यावरून सुचलेले. आज आहे तसा, खालून पोकळ नळ्या असलेला आणि म्हणून घट्ट बसणारा ठोकळा १९५८ चा, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. आठ टिकल्यांचे नुसते सहा सारखे ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. गिअर आणि दांड्यांची यांत्रिक मालिका १९७७ मध्ये आली. सत्तरच्या दशकात याच कंपनीने पेटीत घातलेल्या पत्रकात पालकांना सांगितलं होतं की निर्मितीची ऊर्मी मुलग्यांत आणि मुलींत सारखीच असते, मुलीला रॉकेट करावंसं वाटलं तर करू द्या. पुढे बाजाराने रंग वाटून घेतले. २०१२ मध्ये मुलींसाठी वेगळी जांभळी-गुलाबी मालिका निघाली, त्यावर जगभर वाद झाला. तिचा खपही चांगला झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग २०२१ मध्ये कंपनीने सात देशांत पाहणी केली. भारत त्यात नव्हता. ७१ टक्के मुलग्यांना आणि ४२ टक्के मुलींना भीती वाटत होती की ‘दुसऱ्यांचं’ खेळणं घेतलं तर आपल्याला हसतील. म्हणजे मुलग्यांना जास्त भीती! हे वाचून मी माझ्या भाच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याला भातुकली आवडायची, हे त्याच्या आईने कुणाला सांगितलेलं नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर गाड्या आणि बायका हे नातं इतकं परकं नाही. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोची जाहिरात आली तेव्हा तीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या महिला इंजिनीअर झाल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये वंदे भारत, आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. या दोन्ही गाड्या आमच्या कोपरवरून न थांबता धडधडत जातात. ज्या फलाटावर आपण ‘बाजूला हो’ म्हणत मुलीचा हात ओढतो, त्याच फलाटासमोरून ती गाडी एक बाई चालवत गेलेली आहे. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘ब्रेक कसा असतो?’

त्याच टेल्कोतून आणखी एक माणूस बाहेर पडला, अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, ट्रकच्या कारखान्यात काम केलेले, आणि नंतर आयुष्यभर आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीतून मुलांना विज्ञान शिकवणारे. २००३ पासून अनेक वर्षं ते पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. नळीच्या छोट्या तुकड्याने आगकाड्या जोडून चौकोन करा, तो हलतो, तिरका होतो. त्रिकोण करा, हलत नाही. झालं, पूल का उभा राहतो याचं अर्धं उत्तर मिळालं. लेकीच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं, सहा वर्षं उशिरा, आणि तेही दहा रुपयांच्या सामानात.

दहा रुपये मुद्दाम म्हणते. कारण ‘हे सगळं श्रीमंतांचे चोचले’ असा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. मोटर-गिअरवाल्या परदेशी पेट्या महाग. त्यात २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, ते मात्र चांगलं झालं. रस्त्यावर मिळणारे स्वस्त ठोकळे एक तर इतके सैल की गाडी उचलली की सुटतात, नाहीतर इतके घट्ट की काढताना नखं तुटतात. सरकारने २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. योजना उत्तम. पण लॅब असणं आणि ती रोज उघडणं यात फरक असतो, आणि उघडल्यावर स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हातात आणि झाडू कुणाच्या, हेही एकदा जाऊन बघायला हवं. ज्या आयांच्या मुली अशा शाळांत आहेत त्यांनी पालकसभेत एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे.

गल्लोगल्ली निघालेल्या रोबोटिक्स क्लासबद्दल माझं मत जरा कडू आहे. सगळे वाईट नाहीत. पण आम्ही एका ठिकाणी पाहायला गेलो तिथे वीस मुलं एकाच वेळी एकच गाडी करत होती, पायरी पहिली, पायरी दुसरी, आणि तासाच्या शेवटी सर येऊन ज्याची चालत नाही त्याची पटकन दुरुस्त करून देत होते. आयांना फोटो मिळतो, मुलाला प्रमाणपत्र. चालत नसलेली गाडी घरी नेऊन तिच्याकडे चार दिवस बघत बसणं, हाच तर खरा अभ्यास, आणि तोच तिथे चुकवला जातो. ठिपक्यांची रांगोळी आधी शिकावीच, माझा विरोध नाही. पण पन्नाशीपर्यंत ठिपकेच मोजायचे का?

आता मैत्रिणींनो, मुळात ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. या सगळ्यात मुलीला सर्वांत कमी मिळतं ते पैसे नव्हे, जागा. आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही, सासूबाईंची खुर्ची. अर्धवट झालेली रिक्षा, सुटे गिअर, मापं लिहिलेली वही, हे सगळं संध्याकाळी जमिनीवर असे आणि बेल वाजली की पहिलं वाक्य, ‘आवर ते!’ पाहुणे आले, आवर. जेवायला बसायचंय, आवर. मुलीच्या जातीने असा पसारा घालू नये. माझ्या भावाने लहानपणी रेडिओ खोलून तीन आठवडे टेबलावर ठेवला होता, त्यावरून आई हळुवार हाताने धूळ झटकायची. ‘त्याचा प्रयोग चाललाय, हात लावू नका.’ मी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर भरतकामाची रिंग ठेवली तर ती उचलून कपाटात जायची. त्याचा प्रयोग, माझा पसारा.

जी गाडी रोज रात्री मोडून डब्यात भरावी लागते ती कधी पुरी होत नाही. दोन महिने तर सोडाच. आणि हे फक्त ठोकळ्यांचं नाही. आपल्यापैकी किती जणींची चित्रं, शिवण, लिहायला घेतलेलं काही, आणि हो, एमएचा अभ्यासही, ‘आधी हे आवर’ म्हणून आवरला गेला आणि परत निघालाच नाही? बाईचं काम मध्येच कुठेही थांबवता येतं असं घराला वाटतं, कारण तिने ते कायम थांबवलेलं असतं.

सासूबाईंची बाजूही सांगायला हवी. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री उठल्यावर तो टोकदार तुकडा पायाखाली आला की काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. (मीही एकदा जोरात ओरडले आहे.) त्यांचं म्हणणं, खेळ असावा पण त्याला वेळ असावी. दहावी तोंडावर आली, आता ती पेटी माळ्यावर टाका. नातेवाइकांचंही तेच. नणंद फोनवर म्हणाली, ‘गाड्या करून मार्क मिळतात का?’

आम्ही सुताराकडून दोन बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी कापून आणली, कडेने बोटभर उंचीची पट्टी मारली, खाली चार छोटी चाकं. काम थांबलं की सगळं जसंच्या तसं दिवाणाखाली सरकवायचं. जमिनीवर तुकडा नाही, पाहुण्यांना दिसत नाही आणि मोडावं लागत नाही. फळी झाडायची नाही, हलवायची नाही, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत. हा नियम घरातल्या सगळ्यांना, मलाही.

आणि गंमत बघा. सासूबाई त्या फळीवर मुद्दाम नजर टाकायच्या नाहीत. एकदा लेक गिअरऐवजी रबरी पट्टा लावून बघत होती, तो सारखा घसरत होता. खुर्चीतून आवाज आला, ‘पट्टा ढिला आहे. आणि मोठ्या चाकावरून लहानाला दिलास तर पळणारच ती, ओढणार नाही. शिवणयंत्राचं तसंच असतं.’ त्यांनी वीस वर्षं घरी ब्लाउज शिवले, पायाच्या मशीनवर. खालचं मोठं चाक, वरचं लहान, म्हणून सुई भराभर चालते. रिक्षाला नेमकं उलटं हवं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, वीस वर्षं पायांनी ते फिरवलेलं होतं. त्यांनी सांगितलं, मशीन रोज संध्याकाळी दुमडून त्यावर कापड टाकावं लागे, कारण सासऱ्यांना बैठकीत ते आवडत नसे. अर्धं शिवलेलं बाहीचं कापड कुठे ठेवलं ते सकाळी शोधण्यात अर्धा तास जाई. त्यानंतर त्या पेटी माळ्यावर टाका असं म्हणाल्या नाहीत. पाय मात्र अजून जपून टाकतात.

दहावीच्या वर्षी फळी दिवाणाखालीच राहणार आहे, हे मी घरात स्पष्ट सांगितलंय. रोज तासभर. मार्क मिळतील की नाही मला माहीत नाही. पुढे तिला मेकॅनिकल डिप्लोमा करायचा आहे असं ती म्हणते, उद्या बदलेलही. पण ‘माझी गाडी का चालत नाही’ या प्रश्नाशी एकटीने चार दिवस झुंजायची सवय जी लागली आहे ती पंधराव्या वर्षी मोडली, तर पंचविसाव्या वर्षी तिला ती कुठून आणून देऊ?

पेटीच्या किमतीचं आम्ही आमच्यापुरतं एक केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ जणींची भिशी आहे. एका महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता सगळ्यांनी मिळून मोटर आणि गिअरची एक पेटी घेतली. ती पंधरा पंधरा दिवस एकेका घरी फिरते, वाचनालयाच्या पुस्तकासारखी. आत तुकड्यांची यादी आहे, पेटी देताना मोजून द्यायची. आत्तापर्यंत चाळीस दात्यांचं एक चाक हरवलंय, संशय पहिल्या मजल्यावरच्या मांजरावर आहे. भांडणंही झाली. दोन घरांत पेटी गेली ती मुलग्यांनीच उघडली आणि बहिणींच्या हाती शेवटच्या दिवशी तुकडे मोजायचं काम आलं. त्यावर भिशीत बरीच चर्चा झाली, एक जण रागावून लवकर घरी गेली, पुढच्या वेळी भजी घेऊन परत आली.

येत्या रविवारी पेटी तिसऱ्या मजल्यावर जाते आहे. तिथे दोन भाऊ आणि एक बहीण, सहावीतली. पहिला आठवडा तिचा, आणि तुकडे मोजायचे भावांनी, असं झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहिलंय. लेकीच्याच अक्षरात.